चोवीस इंच दोन सूत

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातल्या मासळीची वाट लागली. हे बाबांचं मत. त्याआधी दर रविवारी सकाळी ते अंधेरी पूर्वेच्या आमच्या घरातून निघायचे, बस पकडून वर्सोव्याला जायचे, तिथल्या त्यांच्या ठरलेल्या कोळणीशी अर्धा तास हुज्जत घालायचे आणि पिशवी घेऊन परत यायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण एक रविवार चुकवायचा नाही. ऑपरेशननंतर ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी मार्केटातून आणायची आणि ताटातला बांगडा बोटाने उलटा करून बाबा विचारायचे, ह्यो कधी मेललो? मी सांगायची, आज सकाळी. ते म्हणायचे, आज सकाळी फक्त विकलो, मेललो गेल्या मंगळवारी. असे आठ महिने काढले मी. आठ महिने! एखादीने विष घातलं असतं.

गंमत बाजूला. बाबा चालत होते. काठी घेऊन घरभर फिरत होते, लिफ्टने खाली जाऊन बिल्डिंगच्या बाकावर बसत होते. अडत होतं ते गाडीशी. आमची चौदा वर्षांची छोटी गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसणं. आणि डॉक्टरने बजावलं होतं की गुडघ्याच्या उंचीपेक्षा खाली बसायचं नाही, सांधा निसटेल. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी आम्ही त्यांना कसंबसं आत बसवलं, पण उतरवताना घोटाळा झाला. ते अर्धे बाहेर आले आणि तिथेच अडकले. मी एका बगलेत हात घातला, वॉचमनने दुसऱ्या, नवऱ्याने मागून ढकललं. एवढ्यात गेटवर दुधाची गाडी आली आणि हॉर्न मारायला लागली. वरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं उभी. बाबा उभे राहिले, लेंगा सारखा केला आणि मला म्हणाले, "मी काय गोण आसंय?"

त्यानंतर ते गाडीत बसले नाहीत. रिक्षातही नाही, तिथेही कुणाचा तरी हात लागायचाच. तपासणीला जायचं तर मी डॉक्टरकडे एकटी जायची आणि फोनवर व्हिडिओ दाखवायची. एकदा घरी पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, बाबांना देवळात तरी नेता की नाही? बाबांनीच उत्तर दिलं, पायऱ्या खूप. देवळाला पायऱ्या तीन. मला कळत होतं. त्यांना बाहेर जायचं नव्हतं असं नाही. त्यांना उचलून घ्यायचं नव्हतं.

बाबा फिटर. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका गाळ्यात, तिथे पंच्याहत्तराव्या वर्षापर्यंत काम केलं. त्या माणसाला जगात कुठल्याही गोष्टीचं माप घेतल्याशिवाय चैन पडत नाही. ऑपरेशननंतर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर पलंग मोजला. मग मला प्लायवूडचे तुकडे आणायला लावले आणि रोज एकेक तुकडा पलंगाच्या पायांखाली सारायला लावला. मी वाकायची, कण्हायची, माझे स्वतःचे गुडघे बोंब मारायचे. शेवटी एके सकाळी त्यांनी दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्या, काठीवर भार दिला आणि कुणालाही हाक न मारता सरळ उभे राहिले. लगेच पट्टी मागितली. पलंगाच्या कडेची उंची भरली चोवीस इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे मला लहानपणापासून पाठ आहे, कारण आमच्या घरात माझी उंचीही इंच-सुतातच मोजली जायची.

ते माप त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर लिहिलं. मग खुर्चीखाली ठोकळे बसवले, संडासाच्या सीटवर प्लॅस्टिकचं चढतं बूड बसवलं, सगळं चोवीस इंच दोन सूत. आमच्या घरात कुणी पाहुणा बाबांच्या खुर्चीवर बसला की त्याचे पाय लोंबकळायचे आणि तो बिचारा संकोचून बसायचा. पण बाबा दिवसातून वीस वेळा स्वतःचे स्वतः उठायचे, आणि दरवेळी तोंडावर असा भाव की जणू मेडल मिळालंय.

गाडीतही उशा घालून पाहिल्या. एक उशी घातली तर कमी पडायची, दोन घातल्या तर डोकं छताला लागायचं. बाबा मान वाकडी करून बसले आणि म्हणाले, असा वर्सोव्याक गेलो तर कोळणी म्हणतील म्हातारो वाकडो झालो. तो प्रयोग तिथेच संपला.

मग माझ्या नवऱ्याने विषय काढला. त्याला गाड्यांचं वेड, म्हणजे घेण्याचं नाही, वाचण्याचं. जेवताना फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो, वरणात बोट बुडालं तरी कळत नाही. तो म्हणाला, उंच गाडी घेऊया. मी बँकेतून नुकतीच मुदतीआधी निवृत्त झाले होते, हातात पैसे होते, आणि त्या पैशांतून मी स्वयंपाकघर नवं करणार होते. कपाटांचे रंगसुद्धा ठरले होते. त्यामुळे मला पहिला संशय हाच आला की सासऱ्याच्या खुब्यावरून हा स्वतःची हौस भागवून घेतोय. मी तसं तोंडावर बोलले. तो म्हणाला, यार, तू एकदा बघ तरी. यार म्हटलं की मी वितळते असा त्याचा तीस वर्षांचा गैरसमज आहे.

पण गेलो. बाबांना न घेता गेलो, कारण ते यायला तयार नव्हते. त्यांनी मला त्यांची स्टीलची पट्टी दिली, कशी धरायची ते तीनदा दाखवलं, आणि सांगितलं, पुढच्या डाव्या सीटची कड मोज, आणि दाराखालची पट्टी किती रुंद ते बघ. दोन रविवार आम्ही शोरूम पालथ्या घातल्या. सेल्सची माणसं इंजिन सांगायची, काचेचं छत दाखवायची, आणि मी जमिनीवर उकिडवी बसून पट्टी लावायची. एका ठिकाणी बावीस भरलं. एका मोठ्या जीपसारख्या गाडीत तीस, तिला पायरी लावलेली. एका गाडीत माप जवळपास जमलं, पण दाराखालचा उंबरठा इतका रुंद की पाय बाहेर काढून टाच टेकवायची तर माणूस जवळजवळ झोपायला हवा. घरी येऊन मी आकडे सांगायची, बाबा मान हलवायचे आणि परत खिडकीबाहेर बघायचे. ते खिडकीबाहेर बघणं मला सहन होईना.

आणि मग नवऱ्याला ती सापडली. अंधेरीतलीच एक महागड्या गाड्यांची शोरूम. क्रॉसओव्हर, म्हणजे धड मोटार नाही आणि धड जीप नाही, मधलीच कायतरी. नवी घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणजे होती पण मग स्वयंपाकघरच नाही, आणखी वर कर्ज. पण त्यांच्याकडे एक डेमो गाडी विकायला होती. वर्षभर गिऱ्हाइकांना चक्कर मारायला द्यायची म्हणून ठेवलेली, आता नवं मॉडेल येणार म्हणून काढायची होती. बऱ्यापैकी स्वस्तात. स्वस्तात म्हणजे स्वयंपाकघराची अर्धी कपाटं वाचत होती.

आम्हाला गाडी दाखवायला होती ती साधारण चाळिशीची, बोरिवलीची, भरदार अंगाची आणि हसऱ्या तोंडाची बाई. मी खाली बसून पट्टी लावली तेव्हा तिने इंजिनाची टेप बंद केली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसून विचारलं, मॅडम, कोणासाठी? मी सांगितलं. ती उठली, बटण दाबून सीट जितकी खाली जाते तितकी नेली, आणि म्हणाली, आता बघा. चोवीस इंच दोन सूत. मी तीनदा मोजलं. उंबरठाही अरुंद. 

तरी मी तिथेच हो म्हटलं नाही. घरी आले आणि नवऱ्याशी भांडले. मला ती गाडी आवडली होती, पण ती उष्टी होती. वर्षभर अर्धी अंधेरी त्या स्टिअरिंगला हात लावून गेलेली. कोण कुठले लोक, घ्यायची नसतानाही फुकटची चक्कर मारायला येतात, पोरं मागे बसून वेफर्स खातात, एसी फुल्ल करतात, गिअर कसेही टाकतात. एवढा पैसा घालायचा आणि दुसऱ्यांनी चाखून ठेवलेलं ताट आपल्यापुढे ओढायचं? माझी आई घरात कुणाचं उष्टं कुणाला खाऊ द्यायची नाही, मी त्याच घरातली. नवरा म्हणाला, गाडी म्हणजे काय आमटी आहे का? मी म्हटलं, माझ्यासाठी आहे. आठवडाभर हाच विषय. शेवटी मी तोडगा काढला. सूत तर जमतंय ना? मग तीच गाडी, तेच मॉडेल, पण नवी घ्यायची. स्वयंपाकघर गेलं खड्ड्यात, थोडं कर्ज काढू. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पोरीने घेतलेल्या गाडीतून फिरवायचं तर कोरी करकरीत गाडी असू दे. हे बोलताना माझंच मला फार कौतुक वाटलं.

बाबा ऐकत होते. म्हणाले, मी येतंय.

आम्ही दोघं बघतच राहिलो. आठ महिन्यांनी ते स्वतःहून म्हणाले की येतो. शोरूमच्या बाईला फोन केला तर तिनेच सुचवलं की ती डेमो गाडी आमच्या बिल्डिंगखाली पाठवते, काकांना त्यातूनच घेऊन या. गाडी आली. बाबा लिफ्टने खाली उतरले, इस्त्रीचा शर्ट, खिशात पट्टी. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर काठी आपटली, दार उघडलं. पाठमोरे उभे राहिले, सीटवर टेकले, मग एक पाय आत, दुसरा पाय आत. मी बाजूला हात जोडून उभं राहावं तशी उभी. मला कुणी बोलावलंच नाही. वॉचमन पुढे आला होता, तोही थांबला. बाबांनी सीटबेल्ट लावला आणि म्हणाले, चला, काय बघतास?

शोरूमला पोचल्यावर दार उघडून दोन्ही टाचा त्यांनी फरशीवर टेकवल्या, काठी रोवली आणि उभे राहिले. बस. इतकंच. मी माझा चष्मा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

आत नवी गाडी चकाचक उभी होती, तेच मॉडेल, तोच रंग, सीटवर प्लॅस्टिक. मी बुकिंगची गोष्ट काढली तशी त्या बाईचा चेहरा असा उजळला की महिन्याचं काम झालं. कुणाचं उजळणार नाही? मी पर्समधून चेकबुक काढलं. बाबा म्हणाले, थांब. खिशातून पट्टी काढली. त्यांना वाकता येत नाही, म्हणून नवऱ्याला धरायला लावली आणि स्वतः चष्मा वर करून वाचली. मग सीट पूर्ण खाली आहे का हे बाईला विचारलं. ती हो म्हणाली. पुन्हा वाचली. पंचवीस इंच.

मी म्हटलं, चुकलं असेल. पुन्हा मोजलं. पंचवीसच. सहा सूत जास्त. त्यांनी प्लॅस्टिक बाजूला सारून बसून पाहिलं, पाय बाहेर काढले. चवडे टेकले, टाचा टेकल्या नाहीत. तेवढ्याच फटीत त्यांचा सगळा धीर गेला, मला दिसलं ते. काठी पुढे रोवली पण भार टाकता येईना. घसरतील की काय म्हणून मी झेप घेतली आणि त्यांना धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हॉस्पिटलमधून आल्या दिवसासारखंच.

शोरूमची बाई बावरली. म्हणाली, काका, गाडी तर तीच आहे, फरक कसा येईल? आणि इथे बाबांच्या अंगात साकीनाक्याचा गाळा शिरला. मघाशी हिरमुसलेला माणूस, बघता बघता ताठ झाला. त्यांनी काठीने एकेक दाखवलं. त्या गाडीचे टायर वर्षभर झिजलेत, सूतभर गेलं तिथे. स्प्रिंगा नव्या असताना ताठ असतात, वर्षभर माणसं वाहून बसतात, दोन सूत तिथे. उरलेलं सीटच्या फोममध्ये. मग त्यांनी विचारलं, गिऱ्हाईक गाडी चालवतं, तर तिच्या डाव्या सीटवर रोज कोण बसतं?

ती बाई खदखदा हसायला लागली. म्हणाली, "काका, मीच बसते."

दिवसातून पाच-सहा वेळा, वर्षभर. आम्ही सगळेच हसलो. बाबा म्हणाले, बाय, तुझे उपकार झाले. आणि खरंच हात जोडले. तिने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. एवढ्या चकचकीत शोरूममध्ये दोन सुताच्या हिशेबावर म्हातारा आणि सेल्सची बाई हसतायत, बाकीचे लोक टकामका बघतायत.

मी मात्र हट्ट सोडला नाही. माझा स्वभाव तसाच, तोंडावर आपटल्याशिवाय मला रस्ता दिसत नाही. मी म्हटलं, बाबा, नवी गाडीसुद्धा वर्षभरात खाली बसेल ना? तोपर्यंत एक पाट ठेवू गाडीत, उतरताना पायाखाली. नवऱ्यानेही मान हलवली. बाबांनी मला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पाट कोण ठेवतलो गो? आणि वर्सभर मी काय खिडकीत बसू?"

 चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसापुढे मी एक वर्ष असं ठेवलं होतं, जसं काही ते त्यांच्याकडे पडलेलंच आहे. आणि कशासाठी? तर त्या सीटवर माझ्याआधी कुणी बसलेलं नको म्हणून. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी चेकबुक परत पर्समध्ये टाकलं, पुन्हा काढलं आणि बाईला म्हटलं, ती डेमोच द्या.

तरी एक गोंधळ राहिलाच होता. बाई बिचारी खूश होऊन सांगायला लागली की डेमो गाडी देताना कंपनीचा नियम आहे, आम्ही तिला अगदी नव्यासारखी करून देतो. टायर बदलणार, सीटचे फोम बदलणार, पॉलिश. बाबांनी काठी उचलली. नवऱ्याने तिला मधेच थांबवलं. ती आत जाऊन साहेबाला भेटून आली. साहेब बाहेर आला, कोट-टाय, आणि त्याने आम्हाला अतिशय अदबीने समजावलं की हे सगळं फुकट आहे. बाबा म्हणाले, म्हणूनच नको. साहेबाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले असणार. नवे टायर नाकारणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी टायर तपासले, नक्षी भरपूर शिल्लक होती, चिंता नव्हती. एक कागद केला, त्यावर आम्ही लिहून दिलं की गाडी जशी आहे तशीच हवी, सीटला कुणी हात लावायचा नाही. बाबांनी साक्षीदार म्हणून सही केली. बाईने एवढंच विचारलं की निदान धुऊन तरी देऊ का? बाबांनी परवानगी दिली.

तिने धुतली तर धुतलीच, वर लाल रिबनचं मोठं फूल लावून दिलं. डेमोला फूल लावत नाहीत म्हणे, तिने दुसऱ्या एका गाडीचं उरलेलं ठेवलं होतं. आम्ही चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदकुंकू लावलं. बाबा म्हणाले, ह्या सीटवर पहिल्यांदा तूच बस, तुझीच जागा. ती बसली, पेढा खाल्ला, आणि उतरताना सीटवर दोनदा हात फिरवला. माझ्या मनातलं उष्टंबिष्टं कधी गेलं मला कळलंसुद्धा नाही.

स्वयंपाकघर अर्धं जुनंच आहे. एका कपाटाचं दार उघडताना वर उचलावं लागतं. चालतंय.

पहिला रविवार आला. बाबा पहाटेच तयार. मी गाडी चालवायची ठरलं, कारण नवऱ्याला दिली असती तर तो सगळ्या बटणांची माहिती देत बसला असता. निघताना मी एकच अट घातली. गाडीत मासे आणायचे नाहीत. सीट चामड्याच्या आहेत, वास बसेल, जन्मात निघणार नाही. मासे घ्यायचे आणि रिक्षाने पुढे पाठवायचे, मी पैसे देते. बाबांनी मान डोलावली. त्यांचं मान डोलावणं मी पन्नास वर्षं ओळखते, त्याचा अर्थ काहीच नसतो.

वर्सोव्यात शिरलो. मी बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि दार उघडायला उतरणार, तर ते म्हणाले, थांब, इकडे रस्तो उतरतो. खिडकीतून मान काढून खाली बघितलं आणि म्हणाले, पुढे घे. पुढे घेतली. नाय, इकडे खड्डो. थोडी मागे. अजून थोडी. मागे एक टेम्पो, त्याच्यामागे दोन रिक्षा, एक स्कूटर, सगळ्यांनी हॉर्नचा सपाटा लावलेला. टेम्पोवाला मान काढून म्हणाला, मॅडम, पार्किंग करताय की रांगोळी घालताय? माझं डोकं तापलं होतं, पण बाबांना घाई नव्हती. जिथे रस्ता सपाट होता, जिथे पट्टी न लावताही त्यांच्या टाचेला माप कळलं, तिथे त्यांनी हात वर केला. मी हँडब्रेक ओढला. टेम्पोवाला बाजूने गेला आणि जाता जाता त्याने सलाम ठोकला, उपहासाने की खरा, देव जाणे.

मी वळसा घालून त्यांच्या दाराशी आले. दोन्ही टाचा टेकल्या. काठी रोवली. सवयीने माझा हात पुढे गेला. त्यांनी तो बघितलाही नाही. उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि चालू लागले. आठ महिन्यांपूर्वी चालत होते तसेच, फक्त थोडे हळू.

त्यांची कोळीण जागेवरच होती. तिने आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि जी सुरू झाली ती थांबेचना. इतके दिवस कुठे होता, आजारी होता तर निरोप का नाही पाठवला, मला वाटलं दुसरीकडे जाता. बाबा म्हणाले, पोरगी आणायची. तिने माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि तोंड वळवलं. त्या तोंड वळवण्यात माझ्या आठ महिन्यांच्या बाजाराचा निकाल होता. मग दोघांची हुज्जत सुरू झाली. ती भाव सांगायची, बाबा काठी उचलून निघून जायचे, दोन पावलं, तीन, ती हाक मारायची, ते परत यायचे. काठी घेऊन असं निघून जाणं आणि परत येणं चार वेळा झालं. एकदाही ते कशाला टेकले नाहीत. मी मोबाइलवर फोटो काढला, तो हलला.

परत येताना ते माझ्या पुढे होते. गाडीपाशी पोचले, दार उघडलं, पाठ केली. मी धावत पोचले आणि माझा हात पुन्हा पुढे गेला. काय करणार, आठ महिन्यांची सवय. ह्या वेळी त्यांनी तो बघितला. हातातली बांगड्यांची पिशवी माझ्या पुढे केलेल्या बोटांत अडकवली, आणि स्वतःचे स्वतः सीटवर बसले, एक पाय आत, दुसरा पाय आत.

मी तशीच उभी. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. गाडीत मासे आणायचे नाहीत, ही माझी अट मी पुन्हा सांगायचं विसरले.

बाबा म्हणाले, "डोळे बघ त्यांचे. ताजे असे आसतत."

मी पिशवी उघडून पाहिलं, पण मला काही धड दिसेना.

"रडतस कित्याक?" ते म्हणाले. "पिशवी सरळ धर. सीटवर पाणी सांडात."

मी पिशवी सरळ धरली.